जुना मोबाइल बोलेल काय ?

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यांतील ही गोष्ट आहे. नववीच्या वर्गांत लहरींचा पाठ संपवून आम्ही फळा पुसत होतों. इतक्यांत मागील बांकावरचा एक विद्यार्थी पुढें आला आणि दप्तरांतून दोन मोबाइल फोन काढून त्यानें ते टेबलावर ठेविले. दोन्ही बटणांचे. तो म्हणाला, “सर, हे दोन्ही आमच्या आबांचे. हा काळा चार्ज होतो, ह्याचा दिवा लागतो, ह्यांत नांवेंसुद्धां दिसतात, पण हा लागत मात्र नाहीं. हा दुसरा आबा रोज वापरतात, आणि मळ्यांतील मोटार देखील ह्याच्यावरूनच चालू करतात. आतां गांवांत सर्वजण म्हणतात कीं जुनें नेटवर्क बंद होणार आहे. मग हाही त्या काळ्यासारखाच मुका होईल काय ?”

प्रश्न लहान होता. पण त्याचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ अशा एका शब्दांत देण्याजोगें नव्हतें. शिवाय तो प्रश्न एकट्या त्या मुलाचा नव्हे. जळगांव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या उशाशीं असाच बटणांचा फोन असतो. बँकेचा निरोप, पेन्शनची खबर, पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलाचा आवाज, सर्व कांहीं त्यांतूनच घरांत येतें. तो एके दिवशीं मुका झाला तर त्या घराचें काय होईल, ह्याचा विचार आधींच करून ठेवलेला बरा. म्हणून त्या विद्यार्थ्यास दिलेलें उत्तर थोडें विस्तारानें येथें लिहीत आहों.

प्रथम एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मोबाइल फोन मुठींत मावतो, म्हणून तें एक संपूर्ण यंत्र आहे असें आपणांस वाटतें. वस्तुतः तें अर्धेंच यंत्र होय. दुसरा अर्धा भाग गांवाबाहेरच्या मनोऱ्यावर, ज्यास आपण टॉवर म्हणतों त्यावर, बसविलेला असतो. आपला फोन त्या टॉवराशीं बोलतो, आणि टॉवर आपलें बोलणें पुढें पोंचवितो. दोहोंपैकीं एक अर्धा भाग काढून घेतला कीं उरलेला अर्धा भाग कितीही धडधाकट असला तरी निरुपयोगी होतो. आपल्या देशांत १४ जुलै २०१३ रोजीं शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तारेची सेवा बंद झाली. त्या रात्रीं तारयंत्रें कांहीं मोडलीं नव्हतीं. त्यांचें कडकट्ट चालूं शकलें असतें. पण दुसऱ्या टोकास तें ऐकावयास कोणी बसणार नव्हतें. आबांच्या काळ्या फोनाचें असेंच झालें आहे. तो बिघडलेला नाहीं. त्याचा सोबती निघून गेला आहे.

यावरून असें दिसेल कीं ‘फोन किती जुना आहे ?’ हा खरा प्रश्नच नव्हे. ‘फोनाचें टॉवराशीं जमतें कीं नाहीं ?’ हा खरा प्रश्न आहे. आणि जमण्यास तीन गोष्टी लागतात : दोहोंची लहर एक असली पाहिजे, दोहोंची भाषा एक असली पाहिजे, आणि आवाज वाहून नेण्याची रीत दोहोंस ठाऊक असली पाहिजे.

लहरीचें उदाहरण रेडिओचें घ्या. कांटा योग्य आंकड्यावर आणला तरच केंद्र लागतें. मोबाइल फोनालाही असेच आंकडे ठरलेले असतात. ते मेगाहर्ट्झ ह्या मापानें मोजतात. आपल्या देशांत २-जी ९०० व १८०० ह्या आंकड्यांच्या आसपास चालतें. ३-जी मुख्यतः २१०० वर चालत असे. ४-जीसाठीं ८५०, ९००, १८००, २१००, २३०० व २५०० ह्या लहरी वापरल्या जातात. आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजीं आरंभ झालेल्या ५-जीस ७०० व ३३०० च्या पुढील लहरी दिलेल्या आहेत. ज्या फोनाच्या पोटांत एखाद्या लहरीचें कांटा फिरविण्याचें साधनच नाहीं, त्यास ती लहर डोक्यावरून जात असूनही ऐकूं येत नाहीं.

आतां भाषा. एकाच लहरीवर अनेक माणसांस बोलावयाचें असेल तर कांहीं शिस्त हवी. २-जीची, म्हणजे जी.एस.एम. ह्या पद्धतीची शिस्त पाळीची आहे. एका पट्टींतील वेळाचे आठ तुकडे करून ते आठ जणांस आळीपाळीनें देतात. ही पाळी इतकी जलद फिरते कीं प्रत्येकास आपण अखंड बोलत आहों असें वाटतें. सी.डी.एम.ए. नांवाच्या दुसऱ्या पद्धतींत पाळी नसते. सर्वजण एकदम बोलतात, पण प्रत्येक बोलण्यास निराळी सांकेतिक खूण लाविलेली असते. आठवडी बाजारांत गलका चालू असतां आपल्या घरच्या माणसाची हांक जशी आपले कान बरोबर टिपतात, तसा तो फोन आपल्या खुणेचें बोलणें तेवढें टिपून घेई. ४-जीची पद्धत तिसरीच. तींत सर्व मजकुराच्या, मग तो आवाज असो, अक्षर असो वा चित्र असो, लहान लहान पुड्या बांधतात आणि त्या पुड्या पत्ता घालून धाडतात. पाळीची भाषा जाणणाऱ्या फोनास खुणेची भाषा उमगत नाहीं, आणि खुणेच्या फोनास पुडीची उमगत नाहीं. तिसरी गोष्ट, आवाज वाहण्याची रीत, हिच्याकडे पुढें वळूं; कारण सर्वांत फसगत तेथेंच होते.

ह्या तिन्ही गोष्टी ध्यानांत ठेवून आपल्या देशांतील हकीकत पाहूं. ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु ह्यांनीं दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम ह्यांच्याशीं संभाषण केलें. तोच भारतांतील पहिला मोबाइल फोन समजतात. ती जी.एस.एम.ची, म्हणजे २-जीची सुरुवात होय. आरंभीं हें साधन श्रीमंतांचें होतें. फोन करणाऱ्यासच नव्हे, तर फोन घेणाऱ्यासही पैसे पडत.

पुढें २८ डिसेंबर २००२ रोजीं रिलायन्स इन्फोकॉम कंपनीनें सी.डी.एम.ए. पद्धतीची सेवा सुरू केली. तिचें ठाणें आपल्या महाराष्ट्रांतच, नव्या मुंबईस होतें. २००३ च्या पावसाळ्यांत अवघे ५०१ रुपये आरंभीं भरून फोन नेण्याची योजना तिनें काढली आणि ज्यांनीं कधीं फोनास हात लाविला नव्हता अशा घरांतून तो पोंचला. टाटा इंडिकॉमचे घरांत टेबलावर ठेवण्याचे बिनतारी ‘वॉकी’ फोनही ह्याच पद्धतीचे. आबांचा काळा फोन ह्याच कुळांतला. ह्या फोनांचें एक वैशिष्ट्य असें होतें कीं त्यांतील पुष्कळांत सिम-कार्डच नसे. नंबर फोनाच्या पोटांतच भरलेला असे. त्यामुळें तो फोन दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय नव्हती. कंपनी आहे तोंवर फोन आहे, असा तो व्यवहार होता.

ती कंपनी राहिली नाहीं. २०१६ पासून सी.डी.एम.ए.च्या ग्राहकांस ४-जीकडे वळविण्यास आरंभ झाला, आणि १ डिसेंबर २०१७ पासून रिलायन्स कम्युनिकेशन्सची बोलण्याची सेवाच बंद पडली. नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्यास ग्राहकांना त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत मुदत मिळाली. टाटांचा मोबाइल व्यवसायही १ जुलै २०१९ रोजीं एअरटेलमध्यें विलीन झाला. ज्यांनीं वेळेवर धांवपळ केली त्यांचे नंबर वाचले. फोन मात्र कोणाचेच वाचले नाहींत. आणि गंमत अशी कीं त्या काळ्या फोनाची लहर नाहींशी झालेली नाहीं. ८५० च्या आसपासची तीच लहर आज जिओ कंपनी ४-जीसाठीं वापरते. म्हणजे आबांच्या फोनाच्या ओळखीची लहर आजही त्यांच्या घरावरून जाते. पण ती आतां निराळ्या भाषेंत बोलते, म्हणून त्यास तिचा अर्थ लागत नाहीं.

कोणी विचारील, चांगलें चाललेलें नेटवर्क कंपन्या बंद कां करतात ? लहरी जमिनीसारख्या आहेत. त्या मोजक्याच आहेत आणि नव्या उत्पन्न करतां येत नाहींत. सरकार त्यांचा लिलांव करतें आणि कंपन्यांस त्यांसाठीं फार मोठ्या रकमा मोजाव्या लागतात. तितक्याच लहरींत नवी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षां कितीतरी अधिक मजकूर वाहून नेते. शिवाय दोन-तीन पद्धती एकदम चालवावयाच्या म्हणजे विजेचा, दुरुस्तीचा व सुट्या भागांचा खर्चही तितकाच वाढतो. व्यापाराच्या दृष्टीनें पाहतां कंपनीचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु ज्या म्हातारीचा फोन मुका होतो, तिला ह्या हिशेबाचा आधार नसतो. म्हणून तिच्यासाठीं तो हिशेब दुसऱ्या कोणीं तरी आधीं मांडून ठेवावयास हवा.

सर्वांत जुनें तें सर्वांत आधीं बंद होणार, अशी आपली साधी समजूत असते. आपल्या देशांत मात्र उलट घडलें. २-जीच्या मागून आलेलें ३-जी आधीं आटोपलें. २०१९ मध्यें एअरटेलनें कलकत्त्यापासून ३-जी बंद करण्यास आरंभ केला आणि पुढील वर्षीं तें काम संपविलें. वोडाफोन-आयडियानेंही त्यानंतरच्या वर्षांत आपल्या ३-जीच्या लहरी ४-जीकडे वळविल्या. सरकारी बी.एस.एन.एल.नें २०२५ मध्यें बिहारांत ३-जी आवरतें घेण्यास सुरुवात केली. आणि त्याच वर्षीं २७ सप्टेंबर रोजीं देशांतच तयार झालेल्या यंत्रसामग्रीवर चालणाऱ्या तिच्या ४-जीचें उद्घाटन सुमारें ९७,५०० टॉवरांसह झालें. असें उलट कां व्हावें ? कारण ३-जीचा फोन २-जीवरही बोलूं शकतो. ३-जी काढून घेतलें तरी त्याचें बोलणें थांबत नाहीं. इंटरनेट तेवढें मंदावतें. २-जी मात्र काढून घेतलें तर बटणांच्या कोट्यवधि फोनांस दुसरा आसराच नाहीं. म्हणून ३-जी गेलें तेव्हां फारशी हाकाटी झाली नाहीं; कित्येकांस तें गेल्याचें कळलेंही नाहीं.

२-जीचें काय होणार, ह्याची चर्चा बरीच वर्षें चालू आहे. ३१ जुलै २०२० रोजीं, मोबाइल सेवेस पंचवीस वर्षें झाल्याच्या समारंभांत, मुकेश अंबानी ह्यांनीं सुमारें ३० कोटि ग्राहक अद्यापि २-जीवर आहेत असें सांगून, तें लवकर इतिहासजमा करण्याविषयीं आग्रह धरला. त्यांच्या जिओ कंपनीचें २-जी कधीं नव्हतेंच. ती ५ सप्टेंबर २०१६ रोजीं निव्वळ ४-जीवर सुरू झाली. इतर कंपन्यांचें २-जी हा लेख लिहितेवेळीं चालू आहे, आणि सरकारनें तें बंद करण्याची तारीख ठरविलेली नाहीं. म्हणजे गांवांतील बोलवा अगदींच निराधार नाहीं, पण ‘उद्यांच बंद’ हेंही खरें नव्हे. घाबरण्याची वेळ आलेली नाहीं. तयारी करण्याची मात्र आली आहे.

आतां त्या तिसऱ्या गोष्टीकडे वळूं. ४-जी प्रथम निघालें तें केवळ मजकूर व चित्रें वाहण्यासाठीं. त्यावर बोलावयाचें कसें, हें आरंभीं फोनांस शिकविलेलें नव्हतें. म्हणून त्या काळचा ४-जी फोन इंटरनेट ४-जीवर चालवी. पण कोणी फोन केला कीं तो गुपचूप २-जी किंवा ३-जीवर उतरे, बोलणें संपवी आणि पुन्हां वर चढे. पुढें ४-जीवरच आवाजाच्या पुड्या धाडण्याची रीत निघाली. तिला व्हीओएलटीई असें नांव आहे. ज्या फोनास ही रीत येत नाहीं, तो ‘४-जी’ असें मिरवीत असला तरी बोलण्यापुरता तो जुनाच फोन होय. २०१६ मध्यें जिओचें सिम अशा फोनांत घातलें तेव्हां इंटरनेट चाले, पण साधें बोलणें होईना, कारण खालीं उतरावयास पायरीच नव्हती. त्यासाठीं कंपनीस एक निराळें ॲप द्यावें लागलें.

ह्या फसगतीचें गंभीर रूप ऑस्ट्रेलियांत दिसून आलें. तेथें २८ ऑक्टोबर २०२४ पासून टेल्स्ट्रा व ऑप्टस ह्या कंपन्यांनीं ३-जी बंद करण्यास सुरुवात केली. तत्पूर्वीं असें ध्यानांत आलें होतें कीं कांहीं फोन नेहमींचें बोलणें ४-जीवर करतात, पण संकटकाळचा ‘०००’ हा नंबर फिरविला कीं ३-जीच शोधतात. म्हणजे घरांत आग लागली असतां फोन हातांत असूनही बंब बोलावतां यावयाचा नाहीं. म्हणून असे फोन नेटवर्कावर घेऊंच नयेत असा नियम तेथें करण्यांत आला, आणि परदेशांतून विकत आणलेले कित्येक चांगले फोनही त्यांत सांपडले. आपल्याकडील कित्येक घरांतील मुलें-मुली शिक्षणास अथवा नोकरीस तिकडे आहेत. येथून फोन घेऊन जाणारांनीं, किंवा तिकडून जुना फोन आजोबांसाठीं पाठविणारांनीं, ‘महाग आहे, तेव्हां चालेलच’ असें समजूं नये. अमेरिकेंत ए.टी. अँड टी. कंपनीनें २०१६ च्या अखेरीस २-जी बंद केलें, तेव्हां २००७ सालचा पहिला आयफोन, ज्यानें जगभर गाजावाजा केला, तोही तिच्या नेटवर्कावर मुका झाला. किंमत व कीर्ति ह्यांचा टॉवरास कांहींच उपयोग नसतो.

ह्यापुढें जें सांगावयाचें तें आपल्या शेतकरी पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावें. फोन म्हणजे केवळ कानास लावण्याची वस्तु नव्हे. सिम-कार्ड घातलेली प्रत्येक पेटी हा एक फोनच आहे. आपल्याकडे शेतीपंपास वीज आळीपाळीनें, कधीं दिवसा तर कधीं रात्रीं मिळते. रात्रीं-अपरात्रीं अंधारांतून, विंचू-सापाच्या भयानें मळ्यांत जाऊन मोटार चालू करणें काय असतें, हें येथील मुलांस सांगावयास नको. हे कष्ट वाचविण्यासाठीं पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल ह्यांनीं ‘नॅनो गणेश’ नांवाचें साधन तयार केलें. मोटारीच्या स्टार्टरास हें साधन जोडलें म्हणजे घरूनच फोन करून पंप चालू अथवा बंद करतां येतो, आणि तेथें वीज आहे कीं नाहीं हेंही समजतें. २००९ मध्यें नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत त्यास पारितोषिक मिळालें. पुढें अशा जातीचीं साधनें अनेकांनीं बनविलीं, आणि तीं आज आपल्या शिवारांतून ठिकठिकाणीं दिसतात.

अशा जुन्या पेट्यांपैकीं पुष्कळ २-जीच्याच आहेत. ज्या दिवशीं त्यांच्या कंपनीचें २-जी थांबेल, त्या दिवशीं मोटार बिघडणार नाहीं, स्टार्टरही बिघडणार नाहीं. हातानें बटण दाबलें तर पाणी पूर्वीसारखेंच येईल. पण घरून केलेली हांक मळ्यांत पोंचणार नाहीं. तें रब्बीच्या भर हंगामांत रात्रीं दोन वाजतां कळण्यापेक्षां आधींच कळलेलें बरें. गाडीचा ठावठिकाणा सांगणारीं यंत्रें, दुकानांतील कार्ड घासण्याचीं यंत्रें, ह्यांतील कित्येकांची स्थितिही हीच आहे. फोन हातांत असतो म्हणून तो मुका झाल्याचें तत्काळ कळतें. ह्या पेट्या कोपऱ्यांत मूकपणें काम करीत असतात, म्हणून त्यांचा आपणांस विसर पडतो.

तर मग आपल्या घरचा फोन कोणत्या वर्गांत बसतो, हें ओळखावें कसें ? त्यासाठीं कारागिराकडे जाण्याची आवश्यकता नाहीं. पुढील परीक्षा आठवी-नववींतील कोणताही विद्यार्थी घरीं करूं शकेल.

(१) फोनाची पेटी किंवा माहितीपत्रक असेल तर तें पाहावें. त्यावर केवळ ‘जी.एस.एम. ९००/१८००’ इतकेंच लिहिलेलें असेल तर फोन निव्वळ २-जीचा आहे. ‘सी.डी.एम.ए.’ इतकेंच असेल तर तो आपल्याकडे आतां कोठेंच लागणार नाहीं.

(२) पेटी हरवली असेल तर फोनावर *#०६# हीं बटणें दाबावीं. पंधरा आंकड्यांचा एक नंबर दिसेल. तो त्या फोनाचा जन्मक्रमांक होय. इंग्रजींत ‘केवायएम’ हीं तीन अक्षरें, मग थोडी जागा सोडून तो नंबर, असा निरोप १४४२२ वर धाडला म्हणजे सरकारी सेवेकडून फोनाचा कारखाना व नमुना कळतो. नमुना कळला कीं दुकानदारास त्याविषयीं विचारणें सोपें जातें.

(३) फोनाच्या वरच्या कोपऱ्यांतील चिन्ह पाहावें. तेथें इंग्रजी ‘जी’ किंवा ‘ई’ अक्षर अथवा ‘२-जी’ असेल तर फोन त्या वेळीं २-जीवर आहे. ‘एच’ अथवा ‘३-जी’ असेल तर ३-जीवर. ‘४-जी’ दिसलें तरी तेवढ्यावर थांबूं नये. आतां कोणास तरी फोन लावावा आणि बोलणें चालू असतां तें चिन्ह पुन्हां पाहावें. तें ‘४-जी’ अथवा ‘व्हीओएलटीई’ असेंच राहिलें तर फोन नव्या रीतीनें बोलतो. बोलतांना तें उतरून ‘ई’, ‘जी’ किंवा ‘एच’ झालें, तर फोन बोलण्यासाठीं अजून जुन्या नेटवर्कावर अवलंबून आहे. ही परीक्षा सर्वांत खात्रीची.

(४) चिन्ह खालीं उतरत असेल तरी लगेच फोन टाकून देऊं नये. पुष्कळ फोनांत व्हीओएलटीई ही सोय असते, पण ती बंद करून ठेवलेली असते. सेटिंग्जमध्यें सिम-कार्डाच्या सदरांत तें बटण शोधून चालू करावें व पुन्हां परीक्षा घ्यावी. सिम-कार्डही पाहावें. फार जुनें सिम ४-जीवर चढत नाहीं. कंपनीच्या दुकानांत ओळखपत्र दाखवून तें बदलून घेतां येतें. नंबर तोच राहतो.

(५) मळ्यांतील पेटीसाठीं विक्रेत्यास दोन प्रश्न विचारावे : हिच्यांत २-जीचें यंत्र आहे कीं ४-जीचें ? आणि तेवढा भाग बदलतां येतो, कीं सबंध पेटीच बदलावी लागेल ? उत्तर कागदावर लिहून स्टार्टराच्या दारास आंतून चिकटवून ठेवावें.

नवा फोन घेण्याचा प्रसंग आला तर आणखी एक गोष्ट सांगून ठेवतों. बटणांचा फोन म्हणजे जुना फोन असें नव्हे. बाजारांत एकाच फळीवर दोन जातीचे बटणांचे फोन मांडलेले असतात; दिसावयास सारखे, पण एक निव्वळ २-जीचा आणि दुसरा ४-जीवर बोलणारा. आजीस बटणांचीच संवय असेल तर तिला बटणांचाच द्यावा. पण तो ४-जीवर बोलणारा आहे ह्याची खात्री करून द्यावा. तसेंच, कांहीं स्वस्त फोन एकाच कंपनीच्या नेटवर्काशीं बांधलेले असतात. २०१७ मधील जिओफोन व २०२३ मध्यें ९९९ रुपयांस निघालेला जिओभारत हे त्या प्रकारचे. गरिबास ते सोयीचे झाले हें खरें; परंतु आबांचा काळा फोनही असाच एका कंपनीशीं बांधलेला होता, हें विसरूं नये. स्वस्त मिळतें तेव्हां त्याबरोबर काय बांधून मिळतें, हेंही विचारावें.

आणि फोन बदलण्यापूर्वीं त्यांतील ऐवज सांभाळावा. २०२२ च्या मार्चमध्यें निघालेल्या एका सोयीमुळें बटणांच्या फोनावरूनही बँकेचे पैसे देतां येतात. म्हणजे आजोबांचा नंबर हा त्यांच्या पेढीची किल्लीच झाला आहे. नंबर चालू ठेवावा, तो बँकेंत नोंदलेला आहे ह्याची खात्री करावी, आणि मगच फोन बदलावा. जुना फोन उकिरड्यावर टाकूं नये अथवा जाळूं नये; त्याच्या बॅटरींतील द्रव्यें विषारी असतात. तो विद्युत्-कचरा घेणाऱ्या ठिकाणीं द्यावा.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं शेवटीं असें सांगितलें : काळा फोन आतां कधींच बोलणार नाहीं, त्याचा दोष नाहीं, आबांचाही नाहीं. दुसरा फोन त्याच्या कंपनीचें २-जी चालू आहे तोंवर बोलेल. त्यानंतर बोलणार नाहीं. आणि मळ्यांतील पेटीविषयीं ह्याच हंगामांत चौकशी कर.

चार दिवसांनीं तो पुन्हां आला. त्यानें आपल्या गल्लींतील अकरा घरांच्या फोनांची परीक्षा घेऊन वहींत कोष्टक तयार केलें होतें. सात फोन बोलतांना खालीं उतरत. त्यांपैकीं दोन केवळ बटण चालू करतांच सुधारले, एकाचें सिम बदलावें लागलें, आणि चार निव्वळ २-जीचे निघाले. त्या चार घरांत आतां ही गोष्ट ठाऊक झाली आहे. वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र आणखी एक यादी होती. अक्षर कांपरें, म्हाताऱ्या हाताचें. आम्हीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “आबांनीं काळ्या फोनांतलीं नांवें उतरवून घेतलीं, सर. बॅटरी फुगत चालली होती. त्यांतलीं निम्मीं माणसें आतां नाहींत, पण आबा म्हणाले, नांवें राहूं दे.”

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत तुम्हीही आपल्या घरीं व शेजारीं अशी एक वही तयार करा. परीक्षेस पांच मिनिटें पुरतात. ज्यांस ती स्वतः घेतां येत नाहीं, अशांपासून आरंभ करा.